कामगारांच्या वतीने बोलणार कोण? एका कलमाची गोष्ट

सोलापूरच्या गिरण्यांवर काम करतोय म्हटलं, की लोक जुन्या मिलच्या भोंग्याबद्दल सांगायला लागतात. १८७७ मध्ये सुरू झालेली ही गिरणी. मी शोधत होतो कामाचे तास, आणि धागा जाऊन पोचला पॅरिसला!

१९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुष कामगाराला दिवसाला १२ तासांची मर्यादा होती. १९२२ च्या कायद्यात ती दिवसाला ११ आणि आठवड्याला ६० तास झाली. हा ६० चा आकडा आला कुठून?

१९१९ मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत ९ देशांच्या आयोगाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा मसुदा तयार केला. आयोगात भारत नव्हता. पण संघटनेचा संस्थापक सदस्य मात्र झाला. मसुद्यात प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी ठरले: सरकारचे दोन, मालकांचा एक, कामगारांचा एक. बिगर-सरकारी प्रतिनिधी देशातल्या सर्वात प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडायचे, हे कलमही त्यातच होतं.

आता अडचण बघा. भारतात तेव्हा देशपातळीवरची कामगार संघटनाच नव्हती. मग ऑक्टोबर १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेसाठी सरकारनेच ना. म. जोशी यांना नेमलं. जोशी मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक, कामगारांत मुरलेले. पण माणूस चांगला असणं वेगळं आणि कामगारांनी निवडलेला असणं वेगळं. परिषदेने आठवड्याला ४८ तास ठरवले, ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र वेगळं कलम: ६० तास.

पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० ला, मुंबईत आयटक स्थापन झाली. अध्यक्ष लाला लजपत राय. यामागे त्या वर्षातले संप होते, राष्ट्रीय चळवळ होती. पण जिनिव्हाला आपला माणूस आपणच पाठवायचा, ही निकडही होती. म्हणजे जागतिक संस्थेच्या एका कलमाने इथल्या संघटनेला घाई करायला लावली.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी यातून एक सवय लावून घ्यावी. संस्थेचा इतिहास वाचताना उद्घाटनाच्या भाषणांवर थांबू नका. प्रतिनिधी कोण नेमणार, हे ठरवणारं कलम आधी काढा. कोणाचा आवाज आत जाणार आणि कोणाचा दाराबाहेर राहणार, हे बहुतेक वेळा तिथेच ठरलेलं असतं. ४८ आणि ६० मधले ते १२ तास सोलापूरच्या कामगाराने भरले. त्याला विचारलं मात्र कोणीच नव्हतं.