‘९९३वाले’ आणि ‘९९६वाले’

१४. दोन्ही आकडे पोर्शे ९११ या जर्मन स्पोर्ट्स कारच्या लागोपाठच्या पिढ्यांचे, कंपनीअंतर्गत वापरातले. १९६३ साली फ्रांकफुर्टच्या प्रदर्शनात मांडलेल्या या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असे आणि ते हवेने थंड होई (तेलाचाही त्यात मोठा वाटा होता, पण भांडणात हे कोणी बोलत नाही). ही पद्धत ९९३ पर्यंत टिकली; तिचे उत्पादन १९९८ मध्ये थांबले. १९९७ साली आलेल्या ९९६ मध्ये इंजिनाची जागा तीच राहिली, पण थंड करण्याचे काम पाण्याकडे गेले. प्रदूषणाचे आणि आवाजाचे नियम कडक होत होते. दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह दिल्यावर वाढणारी उष्णता नुसत्या हवेने काढणे अवघड होते. ताकद घटली नाही: ९९३ चे ३.६ लिटरचे इंजिन सुरुवातीला २७२ अश्वशक्तीचे, तर ९९६ चे ३.४ लिटरचे ३०० अश्वशक्तीचे.

पुढे लेखक ज्यावर तुटून पडतो ते ‘तळलेले अंडे’ म्हणजे ९९६ चा पुढचा दिवा. इंडिकेटरसह एकाच काचेत बसवलेला हा दिवा, आणि गाडीचा पुढचा बराच भाग, स्वस्त बॉक्स्टरशी सामाईक होता. नव्वदीच्या सुरुवातीला कंपनी आर्थिक संकटात होती, तेव्हा ही काटकसर अपरिहार्यच म्हणावी लागेल. लेखकाला ती मान्य नाही. २००२ च्या मॉडेलपासून ९९६ चे दिवे बदलले.