बारोलो आणि त्याचें ताट

इटलीच्या वायव्येस पीडमाँट प्रांतांत लांगे नांवाच्या टेकड्या आहेत. तेथील नेब्बियोलो द्राक्षांचें बारोलो हें तांबडें मद्य आज शिजविलेल्या मांसाबरोबर घेण्याची रीत आहे. ही जोडी फार पुरातन असावी असें कोणासहि वाटेल. इतिहास मात्र निराळें सांगतो.

१७८७ सालीं फ्रान्समधील अमेरिकेचे वकील थॉमस जेफरसन तुरिन शहरीं उतरले असतां त्यांनीं नेब्बियोलोचें मद्य चाखलें. तें गोड असून शँपेनप्रमाणें फसफसतें, अशी नोंद त्यांनीं केली. हीं द्राक्षें हंगामाच्या अखेरीस पिकतात. गारठ्यानें रस आंबण्याची क्रिया मध्येंच थांबे आणि साखर शिल्लक राही. एकोणिसाव्या शतकांत तळघरें व आंबविण्याची पद्धत सुधारली. साखर पुरती आंबूं लागली आणि गोडव्याआड दडलेला तुरटपणा उघडा पडला.

हा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन लाळेंतील प्रथिनांस चिकटतें, म्हणून तोंड कोरडें पडतें. मांसांतील प्रथिनें व चरबी यांच्या संगतींत तो बोचरेपणा मावळतो. याच मद्यांत मंद आंचेवर तासन् तास शिजविलेलें गोमांस, म्हणजे ‘ब्रासातो’, किंवा मुरलेलें चीज त्यास म्हणूनच शोभतें. नाजूक मासळीची चव मात्र त्यापुढें लोपते.

१९८० सालीं बारोलोस इटलीच्या मद्यांतील सर्वोच्च दर्जा मिळाला. आज तें विक्रीपूर्वीं निदान ३८ महिने मुरवावें लागतें. पैकीं १८ लांकडी पिंपांत. ज्यास लोक आजोबा-पणजोबांची चाल समजतात, ती अशी तळघरांतील सुधारणेंतून जन्मली.