लेबल नसलेली भाजी

वरसावे येथे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला रान. पावसाळ्यात टाकळा, कुरडू, शेवळं उगवतात. त्यांना खत कोण घालणार? अल्बर्ट हॉवर्ड इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवत होते (१९२४-३१), तेव्हा देशातले बहुतेक धान्य रासायनिक खताविनाच पिके. १९६५ मध्ये तुर्भ्याचा खतकारखाना सुरू झाला. पुढे २००१ पासून ‘सेंद्रिय’ म्हणवण्यासाठी प्रमाणपत्राची सरकारी पद्धत आली. तपासणीचा खर्च अर्थातच गिऱ्हाइकाच्या खिशातून! २०१७ च्या नियमांनी मात्र थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला त्यातून सूट दिली. तेव्हा ओढाताणीच्या संसारात लेबलापेक्षा विकणाऱ्या मावशींनाच विचारावे, असे आम्हाला वाटते: कुठून आणली? हमरस्त्याकडेचा टाकळा नको. शेवळं चिंचेशिवाय किंवा काकडांशिवाय शिजवू नयेत. ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घसा खाजवतात.