ग्वाटेमालाचा धडा : कायद्याचे राज्य उसने मिळत नाही

परदेशातून पैसा आणि तज्ज्ञ आणून एखाद्या देशात कायद्याचे राज्य उभे करता येते का? मध्य अमेरिकेतील ग्वाटेमालाचा इतिहास आम्हाला यासाठी महत्त्वाचा वाटतो.

१९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष हाकोबो आर्बेन्झ यांनी जमीनसुधारणा कायदा केला. बड्या जमीनदारांची आणि अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांना मिळू लागली. १९५४ मध्ये सीआयएच्या मदतीने त्यांचे सरकार उलथवले गेले. पुढे १९६० ते १९९६ यादवी युद्ध चालले. दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा बेपत्ता झाली. सत्यशोधन आयोगाने ओळख पटवलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया आदिवासी होते. म्हणजे, कायदा मोडण्यातही परकीय हात होताच.

युद्ध संपले, पण लष्करी अधिकारी, राजकारणी आणि धनदांडगे यांची साखळी तुटली नाही. म्हणून २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने ‘सीसिग’ हा आयोग आला. तपासाला परदेशी तज्ज्ञ, पण खटले तिथल्याच सरकारी वकिलांमार्फत, तिथल्याच न्यायालयात. २०१५ मध्ये सीमाशुल्क घोटाळा उघड झाला. लोक रस्त्यावर उतरले. आधी उपराष्ट्राध्यक्ष, मग राष्ट्राध्यक्ष ओट्टो पेरेझ मोलिना यांना पायउतार व्हावे लागले.

मग तपास निवडणुकीतल्या काळ्या पैशापर्यंत पोहोचला. २०१८ मध्ये बड्या उद्योगपतींना जाहीर माफी मागावी लागली. तिथेच दुखणे होते! स्वतः चौकशीच्या फेऱ्यात असलेले राष्ट्राध्यक्ष जिमी मोरालेस यांनी आयोगाची मुदत वाढवली नाही. २०१९ मध्ये आयोग बंद झाला. पुढे अनेक प्रामाणिक वकील आणि न्यायाधीशांना देश सोडावा लागला.

२०२३ मध्ये भ्रष्टाचारविरोधी बर्नार्डो आरेवालो निवडून आले, तेव्हा सरकारी वकिलांच्या कार्यालयानेच निकाल उधळण्याचा प्रयत्न केला. अमेरिका आणि युरोपच्या दबावाचा उपयोग झाला, हे खरे. पण त्या कार्यालयासमोर शंभराहून अधिक दिवस ठिय्या दिला तो आदिवासी संघटनांनी. ज्यांच्यावर सर्वाधिक अत्याचार झाले, त्यांनीच मताचा अधिकार राखला. जानेवारी २०२४ मध्ये आरेवालो यांचा शपथविधी झाला.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बजावले होते की, संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरते. आम्ही परदेशी मदतीला सरसकट नाकारत नाही. पण ती काठी आहे, पाय नव्हेत. काठी कधीही काढून घेतली जाते. पाय म्हणजे संघटित शोषित समाज.