निम्मी शाळा आजारी पडली त्याची गोष्ट

आजच्या भागाची सुरुवात माझ्या कामापासून करतो. सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात वैताग देणारा बग कोणता? जो दोन दिवस धिंगाणा घालतो आणि आपोआप गायब होतो. मग आपण काय करतो, तर 'पुन्हा आढळला नाही' असं लिहून तिकीट बंद करतो. मीही अशी बरीच बंद केलीत. म्हणूनच ही गोष्ट वाचताना मला जरा लाजल्यासारखं झालं.

ऑक्टोबर १९६८. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं नॉरवॉक हे छोटं शहर. तिथल्या ब्रॉन्सन प्राथमिक शाळेत मुलं आणि शिक्षक मिळून २३२ जण. दोन दिवसांत त्यातले ११६ आजारी पडले. बरोबर निम्मी शाळा! मळमळ, उलट्या, पोटात कळा. आणि साधारण एका दिवसात बहुतेक जण ठणठणीत. विषय इथेच संपला असता.

पण सीडीसी या सरकारी संस्थेचे तपासनीस तिथे गेले. कोण आजारी, कधीपासून, घरात आणखी कोणाला झालं, हे त्यांनी विचारत नेलं. तेव्हा कळलं की घरच्या संपर्कातल्या साधारण ३२ टक्के लोकांनाही हाच त्रास झाला होता, तोही साधारण दोन दिवसांच्या अंतराने. म्हणजे हे नुसतं शिळं अन्न बाधल्याचं प्रकरण नव्हतं. काहीतरी माणसाकडून माणसाकडे जात होतं. प्रयोगशाळेत मात्र नेहमीचे जिवाणू सापडेनात, विषाणूही वाढेना. थोडक्यात, लॉग कोरा.

तरी नमुने कोणी फेकले नाहीत, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथे फिरली.

पुढे त्यातला एक नमुना जिवाणू अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळून निरोगी स्वयंसेवकांना दिला गेला. तेही आजारी पडले. म्हणजे कारण जिवाणूपेक्षा लहान होतं. आता एक गोष्ट लपवून चालणार नाही: हे 'स्वयंसेवक' मेरीलँडच्या तुरुंगातले कैदी होते. तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा कितपत खरी मानायची? कैद्यांवरच्या संशोधनासाठी अमेरिकेत कडक नियम आले ते १९७८ मध्ये. आपल्याला मिळालेल्या ज्ञानात त्यांचाही वाटा आहे, हे विसरू नये.

मग १९७२ साली अल्बर्ट कापिकियन यांनी एक भारी युक्ती वापरली. आजारातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तद्रवात त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं असतात. तो रक्तद्रव गाळलेल्या नमुन्यात मिसळला, की प्रतिपिंडं विषाणूंचे कण एकत्र चिकटवतात. विखुरलेले असताना नजरेतून सुटणारे कण गुच्छ झाला की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दिसतात. ही पद्धत रुळवण्यात जून अल्मेडा यांचा मोठा वाटा होता. गुच्छात दिसले २७ नॅनोमीटरचे कण. जिवाणू न सापडणाऱ्या अशा साथींमागे विषाणू आहे, याचा हा पहिला भक्कम पुरावा. नाव पडलं नॉरवॉक विषाणू. २००२ पासून आपण त्याला नोरोव्हायरस म्हणतो.

याचा आपल्याशी संबंध आहे बरं का. जून २०२२ मध्ये केरळात विळिंजमच्या दोन शाळकरी मुलांमध्ये नोरोव्हायरस सापडला. तिथे चार वर्षं थांबावं लागलं नाही, कारण काय शोधायचं ते आधीच माहीत होतं. आणि हो, या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी, हेच खरं.

साथ दोन दिवसांत संपली, उत्तराला चार वर्षं लागली. मधल्या काळात कोणीतरी ते तिकीट उघडं ठेवलं होतं. तुमच्या मुलांच्या शाळेत कधी असं झालं, तर 'बरी झाली ना, मग सोडा' म्हणण्याआधी कोण, कधी, काय खाल्लं, एवढं तरी लिहून ठेवा आणि आरोग्य केंद्राला कळवा.

भेटू पुढच्या भागात!