तळटीप २७ : मंडळातला प्रमाणांचा वाद

२७. मंडळ : महाराष्ट्र मंडळ, चौबे कॉलोनी, रायपूर; स्थापना १९३५. तेव्हा रायपूर मध्य प्रांतात होते आणि राजधानी नागपूर, त्यामुळे तिथल्या मराठी वस्तीचे आश्चर्य वाटू नये.

‘चार की सहा’ : ज्ञान मिळवण्याची साधने, म्हणजे प्रमाणे, किती मानायची हा जुना वाद. चार्वाकांना एकटे प्रत्यक्ष पुरते. नैयायिक चार मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द (विश्वासार्ह व्यक्तीचे वा ग्रंथाचे वचन). कुमारिल भट्टाचे मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती त्यांत अर्थापत्ती व अनुपलब्धी घालून सहा करतात. अर्थापत्तीचे ठरलेले उदाहरण असे : देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी लठ्ठ आहे, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे. अनुपलब्धी म्हणजे घडा दिसत नाही, यावरून तो तिथे नाही हे कळणे.

शब्दखंडन : ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’च्या दहा प्रकरणांपैकी सहावे. वक्त्याचा रोख मात्र तिसऱ्या प्रकरणाकडे दिसतो. तिथे ज्ञानेश्वर म्हणतात, आपला सिद्धान्त शिवाने किंवा कृष्णाने सांगितला म्हणून आपण मानत नाही; त्यांनी सांगितला नसता तरी तो तसाच उरला असता. यावरून लेखकाने त्यांना शब्दप्रमाणाचे विरोधक ठरवले आहे, ते फार झाले. शके १२१२ मधली ‘ज्ञानेश्वरी’ मुळात गीतेवरची टीका आहे, आणि श्रुतीचा आधार तीत जागोजागी घेतलेला आहे.