जिथे ट्राम चालत राहिली

मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. आमचे डॉक्टरकाका त्या रात्री दादरच्या गर्दीत उभे होते. नुकतेच डॉक्टर झालेले, विलायतेला जायची तयारी चाललेली. ती हकिकत त्यांनी आम्हा भावंडांना कितीदा तरी सांगितली. लोक ट्रामच्या दांड्यांना हात लावून जात होते. एका म्हातारीने डब्याला कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यात रूळ तेवढे उरले होते.

काकांना त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आजोबांनी, याहून जुनी गोष्ट सांगितलेली होती. मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. ट्राम कंपनीच्या पागेत ९०० घोडे होते. १९०७ साली विजेची ट्राम आली, तोवर घोड्यांचे दिवस सरले होते. आजोबांनी स्वतः ते घोडे पाहिले नव्हते; त्यांनी ते आईच्या तोंडून ऐकले होते. आमच्या घरात घोड्यांची ट्राम अशी ऐकीव होती.

काका लँकेशायरमधल्या एका गिरणगावच्या इस्पितळात नोकरीला लागले. तिथे उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या गिरण्या एकाच वेळी बंद ठेवायची जुनी रीत होती. अख्खं गाव बोजाबिस्तरा घेऊन समुद्रावर जाई. १९६७च्या उन्हाळ्यात बरोबरच्या मंडळींनी काकांनाही ओढून नेलं. लिव्हरपूलच्या धक्क्यावरून बोट सुटली आणि आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅनला लागली. डग्लस गावात उतरून समुद्रकाठच्या रस्त्यावर येतात तो समोर घोडा जोडलेली ट्राम! “माझ्या आजीची मुंबई मला त्या बेटावर भेटली,” असं काका म्हणत. सांगताना त्यांचा आवाज दर वेळी भरून यायचा.

काका गेल्यानंतर मी ते बेट पाहायला गेले. काकांनी सांगितलेलं तिथे काय उरलं असेल, एवढंच मनात होतं. तिथे जे पाहिलं, ते सांगायलाच हवं.

बेट तसं लहान. लांबी साधारण ५२ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त २२. लोकसंख्या एक लाखाच्या आत. ब्रिटनच्या राजाची सत्ता मानणारं, पण ब्रिटनमध्ये न मोडणारं, स्वतःची टिनवाल्ड नावाची फार प्राचीन संसद असलेलं. आणि एवढ्याशा जमिनीवर घोड्याची ट्राम, वाफेची आगगाडी, विजेची ट्राम आणि डोंगरावर चढणारी ट्राम, सगळ्या एकोणिसाव्या शतकातल्या, आजही उतारू घेऊन धावतात.

घोड्याची ट्राम ऑगस्ट १८७६मध्ये सुरू झाली, म्हणजे मुंबईनंतर दोन वर्षांनी. थॉमस लाइटफूट नावाच्या निवृत्त इंजिनिअरने ती सुरू केली. भरलेला डबा एकच घोडा ओढताना पाहून प्रथम जीव कळवळतो. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार हलकं चालतं. जोर लागतो तो डबा जागचा हलवताना. म्हणून घोडा पहिली काही पावलं नेटाने टाकतो आणि मग संथ दुडकी धरतो. सगळा रस्ता सपाट, समुद्राला धरून. घोड्यांना दिवसात मोजक्याच फेऱ्या असतात. म्हातारे झालेले घोडे कसायाकडे जाऊ नयेत म्हणून बेटावरच्या लोकांनी १९५० साली त्यांच्यासाठी आश्रयस्थान काढलं. डग्लसच्या बाहेर टेकडीवर ते आजही आहे. कष्ट केलेल्या जनावराला चारा आणि कुरण मिळालंच पाहिजे, हे त्या लोकांनी नुसतं बोलून दाखवलं नाही.

घोड्याची ट्राम डर्बी कॅसलला संपते. तिथून विजेची ट्राम निघते. ती १८९३ साली ग्राउडलपर्यंत आली, १८९४मध्ये लॅक्सीला आणि १८९९मध्ये बेटाच्या उत्तरेला रॅम्सीला पोचली. अंतर सत्तावीस किलोमीटर. पहिल्या वर्षीचे क्रमांक एक आणि दोनचे डबे अजून त्याच रुळांवर चालतात. आपल्या मूळ मार्गावर धावणारे याहून जुने विजेचे ट्रामडबे जगात नाहीत. वार्निश केलेलं लाकूड, पितळी मुठी, छतावरून तारेला टेकलेला दांडा. शेवटच्या थांब्यावर कंडक्टर दोरीने तो दांडा ओढून उलट बाजूला फिरवतो. काकांनी मुंबईच्या ट्रामचं वर्णन करताना हेच सांगितलं होतं. हात वर करून ती दोरी ओढण्याचा अभिनयही ते करायचे.

त्या ट्राममध्ये माझ्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. तरुणपणी याच मार्गावर उन्हाळी कंडक्टर होते. मी काकांची गोष्ट सांगितली तशी त्यांनी त्यांच्या घरातली गोष्ट काढली. त्यांच्या आजोबांचे पैसे डंबेल्स बँकेत होते. ट्रामचा मुख्य सूत्रधार अलेक्झांडर ब्रूस हा त्याच बँकेचा कारभारी. ट्राम, हॉटेलं, दऱ्याखोऱ्यांतल्या बागा, सगळ्यांत बँकेचा पैसा गुंतलेला. फेब्रुवारी १९००मध्ये बँक बुडाली आणि बेटावरची कितीतरी घरं धुळीला मिळाली. “आजोबा या ट्रामकडे बघून म्हणायचे, हिच्यात माझी एक खिडकी आहे,” ते म्हणाले.

पुढची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या लहानपणची. दुसऱ्या महायुद्धात डग्लसच्या किनाऱ्यावरची उतारूघरं सरकारने रिकामी करून घेतली, भोवती काटेरी तारा ठोकल्या आणि ब्रिटनमध्ये राहणारे जर्मन आणि इटालियन नागरिक तिथे स्थानबद्ध केले. त्यांतले अनेकजण हिटलरच्या छळातूनच पळून आलेले ज्यू होते. त्या गृहस्थांच्या आईचं उतारूघरही असंच गेलं. घोड्याची ट्राम युद्धभर बंद होती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा आईने त्यांना हात धरून नेलं आणि दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणलं. युद्ध संपलं हे आपल्याला त्या दिवशी कळलं, असं ते म्हणाले.

लॅक्सीला आमची वाट वेगळी झाली. तिथे १८५४ साली बांधलेलं प्रचंड पाणचक्र आहे, बावीस मीटर व्यासाचं. शिसं आणि जस्ताच्या खाणीतलं पाणी उपसायला ते फिरे. तिथूनच स्नेफेल पर्वताची ट्राम निघते. १८९५ साली सुरू झालेली ही ट्राम ६२१ मीटर उंचीच्या शिखराला जाते. दोन रुळांच्या मधोमध तिसरा जाड रूळ आहे. उतारावर डबा ताब्यात ठेवायला गाडीचे ब्रेक त्याला दोन्ही बाजूंनी चिमटा घेऊ शकतात. फेल नावाच्या इंजिनिअरची ही युक्ती. वर गेल्यावर सात राज्यं दिसतात असं तिथले लोक सांगतात: इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स, मॅन, समुद्रदेव मनानानचं राज्य आणि स्वर्ग. मी गेले तेव्हा मनानानने धुक्याची चादर ओढली होती. जुन्या लोकांच्या श्रद्धेप्रमाणे परक्यांपासून बेट लपवायची त्याची ती रीत.

काकांनी सगळ्यात रंगवून सांगितलेला प्रवास वाफेच्या गाडीचा होता, डग्लसहून पीलचा. १ जुलै १८७३ रोजी सुरू झालेली बेटावरची ती पहिली रेल्वे. तीन फुटी रूळ, मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्याची ठेंगणी इंजिनं. काका त्या गाडीने पीलला गेले, धुरी दिलेले हेरिंग मासे खाल्ले, किल्ला पाहिला. मला मात्र तो प्रवास मिळाला नाही. वाफेच्या गाडीचा पीलचा आणि रॅम्सीचा मार्ग १९६८ साली कायमचा बंद झाला. मी त्या जुन्या मार्गावरून पायी चालले. रूळ उखडलेले, कडेला झुडपं, मधे कुठे पुलाचा दगड. तिथे काकांची आठवण फार झाली.

पण दक्षिणेचा डग्लस-पोर्ट एरिनचा मार्ग वाचला, आणि तो आपोआप वाचला नाही. १९७५ साली गाडी पोर्ट एरिनहून कॅसलटाउनपर्यंतच धावली, आणि त्याच वर्षी लॅक्सी ते रॅम्सी विजेची ट्रामही थांबवली गेली. बेटावरच्या लोकांनी ते सोसलं नाही. निवडणुकीत हा प्रश्न गाजला. १९७७मध्ये दोन्ही गाड्या पुन्हा पूर्ण मार्गावर धावल्या आणि पुढच्याच वर्षी सरकारने वाफेची रेल्वे विकत घेतली. विजेची ट्राम तर १९५७पासूनच सरकारकडे होती. घोड्याच्या ट्रामवरही २०१६ साली गदा आली. तोट्याचं कारण पुढे झालं, काही डबे लिलावात गेले. लोक पुन्हा उभे राहिले, शासनाने ती ताब्यात घेतली आणि रस्त्याचं लांबलेलं काम उरकल्यावर २०२२ साली घोडे पुन्हा रुळावर आले, मार्ग आखूड झाला असला तरी.

जुनी गाडी टिकते ती दरवर्षी कोणीतरी तिच्यासाठी पैसा, तेल आणि घाम खर्च करतं म्हणून. मुंबईच्या एखाद्या उपनगराएवढीही वस्ती नसलेल्या बेटाने हे शंभर-दीडशे वर्षं केलं. आपली मुंबई त्याहून कितीतरी धनवान, आणि तिने ट्रामचा एकही मार्ग चालता ठेवला नाही. वाहतूक वाढली होती, बस सोयीची होती, हे खरं. पण एखादा छोटा मार्ग, एखादा डबा राखता आला असता, हेही तितकंच खरं.

अजून सगळं गेलेलं नाही. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरानची गाडी आपल्याकडे आहे. पावसाने रूळ वाहून गेले, ती काही वर्षं बंद पडली, २०२२च्या ऑक्टोबरात पुन्हा धावू लागली. तिचं तिकीट काढून तिच्यात बसा, मुलांना बसवा, आणि ती बंद पडली तर जाब विचारा. तुमच्या घरात ट्रामने फिरलेलं कोणी म्हातारं माणूस असेल तर आज त्याच्यापाशी बसा आणि मार्ग, थांबे, भाडं, सगळं विचारून वहीत उतरवून ठेवा. मुंबईच्या ट्रामची शेवटची रात्र पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत.